मेंढपाळांच्या गावचा सलाम

दिव्यश्रीला मुलगी झाली ते साल दोन हजार चोवीस. आयुधपूजेला रिक्षांना बांधलेल्या झेंडूच्या माळा अजून सुकून लोंबत होत्या, त्या आठवड्यात मुलगी झाली. दिव्यश्रीचे वडील सूर्यकांत भिंगारदिवे यांनी बेंगळुरूच्या चामराजपेटेतल्या आपल्या गल्लीत घरोघर पेढे वाटले. इस्त्रीवाल्याला दिले, फुलवाल्या अक्काला दिले, एका अनोळखी रिक्षावाल्यालाही हात करून थांबवला आणि त्याच्या तोंडात पेढा घातला. पहिली नात! माणूस हरखून गेला होता.

सूर्यकांत मूळचे नगरचे. विशीत घड्याळाच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून इकडे आले ते इथलेच झाले. विठोजी आजोबांपासून घराणं ख्रिस्ती. शहरात अशी दहा-बारा मराठी ख्रिस्ती घरं आहेत. ती महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमतात, टाळ-ढोलकीवर भजनं म्हणतात, आणि भेटताना, निघताना एकमेकांना 'सलाम' म्हणतात. नगरकडच्या ख्रिस्ती लोकांची ही जुनी रीत. कोणी नुसतं 'हॅलो' म्हटलं की सूर्यकांत तोंड फिरवायचे.

माणूस मायाळू, मदतीला धावणारा. पण एक खोड होती. सकाळी चहाचा कप हातात घ्यायचा, मोबाइल उघडायचा आणि युद्ध बघत बसायचं. इस्राएल आणि गाझाची लढाई त्यांना वर्षभर पुरली होती.

"आज आपण त्यांची मोठी इमारत पाडली!" ते स्वयंपाकघराकडे बघून ओरडायचे.

"आपण?" त्यांच्या पत्नी हेमलताबाई पोळी लाटता लाटता विचारायच्या. "तुम्ही कधी गेला होतात? परवापासून मोरीतला नळ गळतोय. आपण तेवढा दुरुस्त करा."

"तुला नाही कळायचं. ती देवाची माणसं आहेत. शास्त्रात लिहिलंय."

"नळाचं काय लिहिलंय?"

तर मंडळी, हे 'आपण' आलं कुठून? ते आलं सदुसष्ट सालातून. सूर्यकांत तेव्हा दहा-अकरा वर्षांचे. तिकडे सहा दिवसांची लढाई झाली. वडिलांनी शेजारच्या रेडिओवर बातमी ऐकली, धावत बाजारात गेले आणि पेढे आणले. "आपण जिंकलो!" म्हणत मिशनच्या अख्ख्या आळीत वाटले. त्या आळीतल्या एकानेही समुद्र पाहिला नव्हता, मग समुद्रापलीकडचा देश कुठून पाहणार? पण शास्त्रात इस्राएल हा शब्द होता, रेडिओवरही तोच शब्द होता, आणि पेढा गोड होता. त्या दिवसापासून सूर्यकांतांची बाजू ठरली. ती त्यांनी निवडली नव्हती. घराण्यातून आली होती, जशी कपाळावरची उभी शीर आली होती.

डिसेंबर लागला. सूर्यकांतांनी गॅलरीत नाताळाचा कागदी तारा टांगला, आत दिवा लावला. आणि यंदा त्या ताऱ्याच्या शेपटीला इस्राएलचा निळा-पांढरा कागदी झेंडाही चिकटवला.

हेमलताबाई खालून बघून म्हणाल्या, "चांगल्या ताऱ्याला ठिगळ कशाला लावलंत?"

*

दिव्यश्री नवरा अभिराजबरोबर जे. पी. नगरला राहायची. कळा सुरू झाल्या तेव्हा अभिराज कंपनीच्या कामाने हैदराबादला होता. भर दुपारी वरच्या मजल्यावरची मैत्रीण धावत आली, तिने दिव्यश्रीला रिक्षात घातलं, आणि सिग्नलला गाड्या तुंबल्या तेव्हा रिक्षातून अर्धी बाहेर लोंबकळत ती "स्वल्प दारी बिडी! स्वल्प दारी बिडी!" असं ओरडत राहिली. लोकांनी खरंच वाट दिली. बेंगळुरूच्या रस्त्यावर लोकांनी वाट दिली हाच एक चमत्कार! त्यानंतर दोन दिवसांनी ती मुलगी शिक्षणातल्या कामासाठी मंगळुरूच्या दवाखान्यात गेली, त्यामुळे घरच्यांची तिची गाठ पडलीच नाही.

पण सूर्यकांत रोजच्या प्रार्थनेत तिचं नाव न घेता तिच्यासाठी मागणं मागायचे. फोनवर लेकीला म्हणालेही, "दिव्या, बाळाची धर्ममाता तीच पोर व्हायला पाहिजे. ख्रिस्ती आहे ना?"

"आहे अप्पा. माझ्याही मनात तेच आहे."

"मग ठरलं!"

धर्ममाता म्हणजे बाळाच्या बाप्तिस्म्याला आईशेजारी उभी राहून 'या लेकराला मी चांगल्या वाटेवर सांभाळीन' असं वचन देणारी बाई. भिंगारदिव्यांच्या घरात विठोजी आजोबांपासून एक रीत होती. आजोबांनी बाळाला देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, उंबऱ्यापासून आत न्यायचं आणि आपल्या हातांनी धर्ममातेच्या हातात द्यायचं. मग तिने बाप्तिस्मा देणाऱ्या पाळकसाहेबांकडे द्यायचं. आजोबा हयात असताना दुसऱ्या कोणी हे करायचं नाही. बाप्तिस्मा नाताळाच्या आधीच्या रविवारी ठरला.

मंगळुरूहून मैत्रीण परतल्याचं कळताच सूर्यकांत हळिवाच्या लाडवांचा डबा घेऊन जे. पी. नगरला निघाले. जिन्यात एक गोरीशी, कुरळ्या केसांची मुलगी वरून खाली येत होती. म्हातारा माणूस दिसला म्हणून ती बाजूला झाली आणि हसून म्हणाली, "सलाम!"

सूर्यकांत थबकले. पंचेचाळीस वर्षांत बेंगळुरूच्या कुठल्या जिन्यात त्यांना कोणी अनोळखी माणसाने सलाम घातला नव्हता.

"सलाम, सलाम! अगं तू आपल्यातली? कुठली, नगरची की जालन्याची?"

मुलीला मराठी येत नव्हतं. मोडक्या हिंदीत तिने विचारलं, "क्या, अंकल?"

"घर कहाँ?"

"बेथलेहेम के पास."

"अच्छा, मिशन कंपाउंड!" सूर्यकांत खूश. त्यांच्या लहानपणी प्रत्येक मिशनच्या आळीला असंच काहीतरी नाव असायचं. कुठे बेथेल, कुठे सियोन. "कौन सा जिल्हा?"

मुलगी खळखळून हसली. "अंकल, जिल्हा भी बेथलेहेम!"

"नाव काय, नाम?"

"नूर."

नूतनचं नूर केलं असेल, आजकालच्या पोरी नावं तोडतातच, असं म्हणत सूर्यकांतांनी तिला वर परत नेलं, समोर बसवलं आणि लाडू पुढे केला. दिव्यश्री बाळाला थोपटत होती. नूरने लाडू हातात घेतला, डोळे मिटले, आणि खाण्याआधी आपल्या भाषेत हळू आवाजात प्रार्थना म्हटली. दोन-तीनच ओळी. पण त्यातला एक शब्द सूर्यकांतांना लख्ख ऐकू आला. अल्ला!

डब्याचं झाकण त्यांच्या हातातून खाली पडलं.

"दिव्या, ही कोण?"

"हीच ती, अप्पा. नूर. इथे फिजिओथेरपी शिकते. पॅलेस्टाईनची आहे."

"तू तर ख्रिस्ती म्हणालीस!"

"ख्रिस्तीच आहे."

"अरब माणूस ख्रिस्ती कसा असेल? कोणी बाटवलं यांना? कोणत्या साली?"

दिव्यश्रीने ते इंग्रजीत सांगितलं. नूरला राग आला नाही. लाडवाचा कण गालाला लागलेला, तशीच ती हसली. "साल मला ठाऊक नाही. आमच्याकडे म्हणतात, पहिल्या नाताळापासूनच."

सूर्यकांत उठले. बाळाच्या कपाळावर त्यांनी हात ठेवला आणि दारात चपला घालता घालता म्हणाले, "धर्ममाता दुसरी बघ. हिच्या हातात मी माझी नात देणार नाही."

दिव्यश्रीही भिंगारदिव्यांचीच लेक. "मग अप्पा, तुमच्या हाताशिवाय बाप्तिस्मा होईल. धर्ममाता नूरच. ती रिक्षातून ओरडली नसती तर तुमची नात सिग्नललाच झाली असती."

*

घरात आठ दिवस कोणी हसलं नाही. सूर्यकांत मोबाइलवर युद्ध बघायचे, पण 'आपण' म्हणायला तोंड उघडत नव्हतं. पाळण्यासाठी आणलेली घुंगरं कपाटावर पडून होती. हेमलताबाई येता-जाता त्यांना धक्का द्यायच्या. मुद्दामच. ती वाजली की सूर्यकांतांचा चेहरा उतरायचा.

शेवटी बाईंनी सोयराआक्कांना फोन केला.

सोयराबाई म्हणजे त्या दहा-बारा घरांतल्या सगळ्यांत वडील. वय त्र्याऐंशी. जन्मभर मुंबईच्या दवाखान्यांत नर्स होत्या, आता मुलाकडे राहायच्या. गुडघे गेले होते, पण ढोलकीवरचा हात तसाच होता. त्यांनी ढोलकी घेतल्याशिवाय नाताळाचं भजन उभं राहत नसे.

"सूर्या, उद्या मला चिकपेटला ने," त्यांनी हुकूम सोडला. "बाळाच्या बाप्तिस्म्याला पांढरं कापड घ्यायचंय माझ्याकडून."

"आक्का, मी त्या बाप्तिस्म्याला..."

"तुला बाप्तिस्म्याला कोण बोलावतंय? चिकपेटला चल म्हटलं."

चिकपेटेच्या त्या बोळात माणसाला माणूस खेटून चालतो. सूर्यकांत पुढे वाट काढत होते, आक्का मागून त्यांच्या खांद्याला धरून. एका जुन्या दुकानात दोघं टेकले. दुकानदार जुन्या वस्तीतले मराठी. त्यांचे पूर्वज तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेले, त्यामुळे मराठीत कानडी मिसळलेलं.

"या अण्णा, या अक्का, कुत्कोळी, बसा. काय दाखवू? मुंजीचं? बारशाचं?"

"बाप्तिस्म्याचं," सूर्यकांत म्हणाले. "पांढरं, मऊ."

दुकानदाराने कापड उलगडलं, भाव सांगितला, आणि पावतीसाठी नाव विचारलं.

"सूर्यकांत भिंगारदिवे."

पेन थांबलं. "सूर्यकांत? आणि बाप्तिस्मा? नाव तर आमच्यातलं हो! थट्टा करताय?"

झालं! ही सूर्यकांतांची दुखरी नस. पंचेचाळीस वर्षं या शहरात त्यांनी हेच ऐकलं होतं. कारखान्यातल्या साहेबाने विचारलं होतं, तमिळ चर्चमधल्या माणसाने विचारलं होतं, "सूर्यकांत हे काय ख्रिस्ती नाव झालं? तुमचं खरं नाव काय?" त्यांचा आवाज चढला.

"माझं नाव सूर्यकांत! माझ्या आजोबांचं नाव विठोजी! विठोजी भिंगारदिवे, आणि सगळ्यांच्या आधी बाप्तिस्मा घेतला त्यांनी. नावावरून तुम्ही कोण माणसाचा धर्म ठरवणार? आमच्या भाषेतलं नाव आहे, आमच्या मातीतलं. त्याने आम्ही कमी ख्रिस्ती होतो का?"

दुकानदार बिचारा गडबडला. "तप्पु आयतू, चूक झाली अण्णा. स्वल्प कॉफी मागवतो. सरी?"

आणि सोयराआक्का? त्या पदर तोंडाला लावून इतक्या हसत होत्या की गादीवर लवंडायच्याच राहिल्या.

"आक्का, यात हसण्यासारखं काय आहे?"

"वा रे माझ्या वाघा! सूर्यकांत ख्रिस्ती असू शकतो, विठोजी ख्रिस्ती असू शकतो, आणि नूर असली की ती मुसलमान, होय रे?"

दुकानदाराला काहीच कळलं नाही, पण वातावरण निवळलेलं बघून त्याने अर्धा मीटर कापड जास्त फाडलं.

कॉफी आली. सूर्यकांतांनी पेला हातात फिरवत हळूच म्हटलं, "पण आक्का, ती अल्ला म्हणाली. मी माझ्या कानांनी ऐकलं."

"तिच्या भाषेत देवाला काय म्हणतात?"

"मला काय ठाऊक?"

"तू काय म्हणतोस? परमेश्वर. पलीकडच्या गल्लीतला पुजारी काय म्हणतो? परमेश्वर. म्हणून तू पुजारी झालास का? भेटल्यावर आपण काय म्हणतो? सलाम. तो कुठल्या भाषेतला शब्द रे? नगरच्या मातीत उगवला का तो? तिच्या आजीच्या तोंडचा शब्द तुझ्या आजीच्या तोंडी आला, तो तुला चालला. जिन्यात तिने घातला तेव्हा तर तू हुरळून गेलास म्हणे!"

"सलाम वेगळा. पण इस्राएल शास्त्रात आहे, आक्का. वडिलांनी..."

"पेढे वाटले. ठाऊक आहे मला, शंभर वेळा सांगितलंयस." आक्कांचं हसू ओसरलं. "सूर्या, तुझ्या बापाने पेढा दिला, तू खाल्लास. लेकराचा त्यात दोष नाही. पण अडुसष्टाव्या वर्षी अजून तो गालात धरून बसलायस? शास्त्रातलं नाव निराळं आणि आजच्या राजाचं सैन्य निराळं. सैन्य कोणाचंही असो, त्याला देवाचं नाव चिकटवलं की माणसाला समोरचं मूल दिसेनासं होतं."

"म्हणजे तुम्ही त्यांच्या बाजूच्या?"

"कोणाच्या? ऐक. माझ्याबरोबर नर्सिंगला रिबका पेणकर होती. कोकणातली ज्यू, आपण ज्यांना शनवार तेली म्हणायचो. माझ्या पहिल्या बाळंतपणात माझ्या उशाशी तीच बसली. मग तिकडे इस्राएलला गेली. अजून फोन करते, अजून मराठीतच भांडते. परवा म्हणाली, भोंगा वाजला की मला तळघराचा जिना उतरवत नाही गं, मी दाराशीच बसून राहते. ती वाचावी म्हणून मी रोज मागते. आणि नूरची आई आहे तिकडे, तीही वाचावी म्हणून मागते. आता सांग, मी कोणत्या बाजूची?"

कॉफीवर साय धरली. आक्कांनी ती बोटाने काढून टाकली आणि पेला सूर्यकांतांपुढे सरकवला.

"पी. आणि शनिवारी तुझ्या घरी नाताळाच्या भजनाची तालीम आहे. मी ढोलकी वाजवणार आहे. दिव्या बाळाला घेऊन येणार आहे, आणि तिच्याबरोबर कोण येणार हे तुला सांगायला नको. दार लावायचं असेल तर आत्ता सांग, म्हणजे मी माझे गुडघे तुझ्या जिन्यावर झिजवणार नाही."

*

शनिवारी सूर्यकांतांनी दार लावलं नाही. उघडलंही नाही. ते खोलीत बसून टाळांच्या दोऱ्या घट्ट करत राहिले.

बाहेर एकेक घर जमलं. करंज्यांची ताटं आली. मुलं जिन्यात धावू लागली. मग दिव्यश्रीचा आवाज आला, बाळाचं कुरकुरणं आलं, आणि दारातून एक कोवळा आवाज आला, "सलाम!" आणि खोलीतल्या सगळ्या माणसांनी सवयीने, एका सुरात उत्तर दिलं, "सलाम!"

सूर्यकांतांच्या तोंडूनही ते निसटलं. सवय हो! जीभ माणसाच्या आधी वळते.

सोयराआक्कांनी ढोलकीवर थाप मारली. विठोजी आजोबांनी रचलेलं जुनं भजन सुरू झालं. दर नाताळाला तेच पहिलं.

*ऊठ ऊठ रे मेंढपाळा, रानी उजेड पडला,*
*गव्हाणीच्या गवतावरती राजा आमुचा निजला!*

टाळ घुमले. आक्कांची बोटं अशी चालली होती की म्हातारपण लाजून कोपऱ्यात जाऊन बसलं. सूर्यकांतांना राहवलं नाही. ते टाळ घेऊन बाहेर आले आणि डोळे मिटून वरचा सूर लावला. भजन संपलं, टाळ्या झाल्या.

नूर दिव्यश्रीच्या कानाशी लागली, गाण्यात काय आहे विचारायला. दिव्यश्रीने सांगितलं. आणि ती मुलगी ताडकन उभी राहिली.

"मेंढपाळ? म्हणजे रात्री रानात होते ते? ज्यांना पहिल्यांदा बातमी कळली ते?"

"हो, तेच," दिव्यश्री म्हणाली.

"पण ते तर आमच्या गावचे!"

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

"आमचं गाव बेथलेहेमच्या खालच्या अंगाला आहे. बेत साहूर. ते रान आमच्या शाळेच्या मागे आहे. आम्ही मधल्या सुट्टीत तिकडे पळायचो. आजी ओरडायची, 'देवदूत आले होते तिथे गोंधळ घालू नका!' माझ्या मामांची ऑलिव्हची झाडं आहेत तिथेच कडेला." तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती, दोन्ही एकदम. "तुम्ही इतक्या लांब, माझ्या गावच्या लोकांचं गाणं म्हणता?"

सूर्यकांतांच्या हातातले टाळ आपोआप एकमेकांवर वाजले.

साठ वर्षं! साठ वर्षं ते या मेंढपाळांना हाका मारत होते, आणि त्याच मेंढपाळांची लेक लाडू खाऊन, बोलणी खाऊन आज सूर्यकांतांच्याच दारात येऊन उभी होती!

"पोरी," ते पुढे आले. हिंदी सुचेना, मराठीतच बोलले, दिव्यश्री सांगत गेली. "अजून मेंढ्या असतात तिथे?"

"थोड्या. आता घरंच जास्त झाली."

"आणि नाताळात? तिथे तर केवढं मोठं..."

"मोठं असायचं. चौकात उंच झाड, दिवे, बँड. गेल्या वर्षी झाड लागलं नाही. यंदाही नाही. देवळात प्रार्थना होते, मग लोक गुपचूप घरी जातात."

सूर्यकांतांनी मान खाली घातली. मग त्यांनी तो प्रश्न विचारला जो वर्षभर सकाळच्या चहाबरोबर ते स्वतःलाच विचारत आणि स्वतःच उत्तर देत आले होते.

"तुला काय वाटतं? कोण जिंकावं?"

नूरने विचार केला. बाळ तिच्या कडेवर होतं, ते तिचे कुरळे केस ओढत होतं.

"मला वाटतं, आईला फोन लावला की पहिल्या वेळेला लागावा," ती म्हणाली. "आणि तिकडच्या आयांनाही त्यांच्या मुलांचा लागावा."

एवढंच. तिने कोणाला शिवी दिली नाही, कोणाचा झेंडा मागितला नाही.

सूर्यकांत वळले आणि गॅलरीत गेले. स्टुलावर चढले. हेमलताबाई घाबरून "अहो, पडाल!" म्हणत मागे धावल्या. त्यांनी ताऱ्याच्या शेपटीचा कागदी झेंडा नखाने हळूहळू सोडवला, तारा फाटू नये म्हणून जपून. घडी केली, खिशात ठेवली.

आतून सोयराआक्का ओरडल्या, "सूर्या! आणि आता दुसरा लावू नकोस हो! तुझा भरवसा नाही. तारा तेवढा पुरे आहे!"

सगळं घर हसलं. सूर्यकांत स्टुलावर उभे राहून हसले. दिव्यश्रीने नूरला अर्थ सांगितला तेव्हा तीही हसली, आणि कारण न कळता बाळही हसलं. मंडळी, मराठीत 'नूर पालटणं' म्हणतात ना, तसा त्या संध्याकाळी घराचा नूरच पालटला!

"एक करा," हेमलताबाई स्टूल धरून म्हणाल्या, "चढलाच आहात आणि मन मोठं झालंच आहे, तर उतरल्यावर तो नळही दुरुस्त करा."

*

रविवारी दुपारी, कानडी उपासना संपल्यावर, मराठी मंडळींना देऊळ मिळालं. सूर्यकांतांनी नातीला उंबऱ्यापाशी घेतलं. चिकपेटेच्या कापडाचा झगा तिला घोळदार झाला होता, अर्धा मीटर जास्त मिळालं होतं ना! ते हळूहळू पुढे गेले. पुढे नूर उभी होती, निळी साडी नेसून. हेमलताबाईंनी नेसवलेली, तरी निऱ्या सुटतील या भीतीने एका हाताने धरलेली.

सूर्यकांत तिच्यासमोर थांबले. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सलाम, पोरी."

"सलाम, अप्पा," नूर म्हणाली आणि निऱ्या सोडून दोन्ही हात पुढे केले.

त्यांनी नातीला तिच्या हातांत दिलं. बाळाचं नाव सुखदा ठेवलं. पाणी कपाळावर पडलं तेव्हा सुखदाने असं भोकाड पसरलं की सोयराआक्का म्हणाल्या, "वरच्या सुरात आहे, भिंगारदिव्यांचीच!"

शेवटी प्रार्थना सूर्यकांतांनी केली. वर्षभर ते विजय मागत आले होते. त्या दिवशी त्यांनी विजय मागितला नाही. बेत साहूरच्या एका आईसाठी मागितलं, आणि तळघराचा जिना उतरता न येणाऱ्या रिबका पेणकरसाठी मागितलं. दोघींची नावं एकाच श्वासात घेतली. घेताना त्यांना काही जड गेलं नाही. याचंच त्यांना नवल वाटलं.

बंधुभगिनींनो, ही गोष्ट एका ख्रिस्ती घराची आहे. पण गालात धरलेला पेढा आपल्यापैकी कोणाच्या तोंडात नाही? कोणाला आजोबांनी दिला, कोणाला आळीने दिला. धर्माचं नाव ऐकलं की आपण न पाहिलेल्या देशाच्या लढाईत उडी घेतो आणि 'आपण जिंकलो' म्हणतो. धर्म माणसाला देव देतो. शत्रूंची यादी त्याने दिलेली नसते, ती आपण मागाहून जोडतो. बाजू घ्यायचीच असेल तर जिच्या मुलाचा फोन लागत नाही त्या आईची घ्यावी, मग ती सीमेच्या कोणत्याही अंगाला राहो. आणि दारात कोणी सलाम घातला, तर तो कुठून आला हे विचारण्याआधी त्याला उत्तर द्यावं.

त्या नाताळाला ढोलकी सोयराआक्कांनी वाजवली. ती त्यांची शेवटची ठरली. सोयराबाई दोन हजार पंचवीसच्या सप्टेंबर महिन्यात, चौदा तारखेला, रविवारी सकाळी, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी वारल्या.